ओठ मिटले की घोटाळा

भुवईसाहेबांनी पंचावन्न वर्षांत एकशे बारा सिनेमे केले. त्यांतल्या एकतीस सिनेमांत ते मेले, अकरांत राजे झाले, चारांत आंधळे. आणि एवढ्या काळात प्रेक्षकांनी त्यांचा आवाज एकदाही ऐकला नाही. ऐकला असता तर पहिल्याच सिनेमानंतर त्यांना पुन्हा छापखान्यात खिळे जुळवायला जावं लागलं असतं, कारण ते तिथूनच आले होते. गंजलेल्या बिजागरीचं दार उघडताना जसं कुरकुरतं, तसा त्यांचा आवाज. चेहरा देताना देवाने हात सैल सोडला आणि गळ्यापाशी येईपर्यंत सामान संपलं. त्यांची डावी भुवई मात्र अशी काही उचलली जायची की बायका हातातलं काम विसरायच्या. म्हणून ते भुवईसाहेब.

सिनेमाला बोलतं करायचा घाट कुणी घातलाच नव्हता असं नाही. माझ्या आजोबांच्या काळात एका कंपनीने यंत्र आणलं होतं. पहिल्याच खेळाला यंत्र चार पावलं मागे पडलं, नायकाचा आवाज नायिकेच्या तोंडून आणि खलनायकाचा घोड्याच्या तोंडून यायला लागला. लोक आठवडाभर हसत होते. त्या कंपनीने पुढे शिवणयंत्रं काढली म्हणतात. त्यानंतर कुणी त्या वाटेला गेलं नाही. सिनेमा मुका तो मुकाच राहिला, आणि त्याचं तोंड झालो आम्ही बोल्ये.

बोल्याचं काम सांगायला सोपं आहे. पडद्याच्या डाव्या अंगाला एक मेज, त्यावर झाकलेला दिवा, माइक आणि बोलवही. रिळांच्या डब्यांसोबत ही वही येते, तिच्यात सगळ्या पात्रांची वाक्यं लिहिलेली असतात. पडद्यावर ओठ हलले की बोल्याने बोलायचं. राजाचं, राणीचं, म्हाताऱ्याचं, पोराचं, सगळं एकट्याने. त्यामुळे भुवईसाहेब एका शहरात खर्जात बोलतात, दुसऱ्या शहरात नाकात, आणि आमच्या शहरात गेली सव्वीस वर्षं माझ्या आवाजात. मी बाई आहे, पण आवाज जन्मापासून घोगरा. लग्नाच्या बाजारात तो नडला, धंद्यात कामी आला. रस्त्यात अनोळखी माणूस मला थांबवून म्हणतो, 'बाई, जरा भुवईसाहेबांसारखं रागावून दाखवा.' मी दाखवते. रागावायला मला कारण लागत नाही.

आता माझ्या आईविषयी. नऊ वर्षांची असताना तिला ताप आला आणि जाताना तिचे कान घेऊन गेला. बोलणं शाबूत राहिलं, फक्त आपण किती मोठ्याने बोलतोय ते तिला कळत नाही. तिचं गुपित चार घरं पलीकडे ऐकू जातं. समोरच्याचे ओठ ती आपण वर्तमानपत्र वाचतो तसे वाचते. एकाच जागी अडते. प, ब आणि म. तिन्ही अक्षरांना ओठ सारखेच मिटतात, त्यामुळे तिला ती सारखीच दिसतात. 'ओठ मिटले की माझा घोटाळा, उघडे असले की नाही,' असं ती स्वतःच सांगते. मी लहान असताना वडील कामासाठी वर्षभर परगावी होते. एकदा शेजारीण दारातून म्हणाली, 'मामा आले.' आईने वाचलं, 'बाबा आले.' तिने धावत जाऊन केस विंचरले, ठेवणीतले कपडे घातले, आरशात दोनदा बघितलं आणि लाजत दार उघडलं. दारात माझा मामा, हातात आमची दुरुस्त करून आणलेली इस्त्री. मामा बिचारा पुढची दहा वर्षं विचारत होता, 'ताई त्या दिवशी माझ्यावर एवढी का चिडली?'

तर अशा या आईला सिनेमाचा भारी नाद. भुवईसाहेबांचा प्रत्येक सिनेमा पहिल्या रांगेत बसून, मांडीवर विणकाम घेऊन, आणि नको तिथे हसत. लोक मुसमुसतायत आणि ही खो खो हसतेय. लहानपणी मला धरणीने पोटात घ्यावं असं व्हायचं. कारण मला मोठेपणी कळलं. आई माझं बोलणं ऐकत नव्हती, ती साहेबांचे ओठ वाचत होती. आणि मुक्या सिनेमात नट तोंडाने काय वाटेल ते बोलू शकतो. राज्याभिषेकाला साहेब म्हणत होते, 'डाव्या बुटात खडा गेलाय.' कोर्टातलं त्यांचं भाषण, ज्याला लोक उभं राहून टाळ्या देतात, तो अख्खा सतराचा पाढा होता, आणि सतरा आठे त्यांनी चुकवलं होतं. आई घरी येऊन हे सांगायला लागली की मी कानांवर हात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तेच भाषण मला गळा दाटून करायचं असायचं.

या वर्षी साहेबांचा सन्मान म्हणून आमच्या थिएटरने सात दिवस त्यांचे सात जुने सिनेमे लावले, रोज दुपारचा खेळ. तिसऱ्या दिवशी सेनापतीचा सिनेमा होता. सेनापती लढाईत पडतो, मित्राच्या मांडीवर डोकं ठेवतो, आणि मी म्हणते, 'माझ्या मातीला सांगा, मी पाठ दाखवली नाही.' थिएटरात रुमाल निघाले. पहिल्या रांगेतून आई हसली. साधं हसली नाही, हातातली सुई खाली पडेपर्यंत हसली.

खेळ संपला तेव्हा बाल्कनीतून एक उंच म्हातारा काठी टेकत उतरला. गळ्यात मफलर, नाकापर्यंत ओढलेला. तो थेट आईसमोर उभा राहिला आणि मफलर खाली केला. डावी भुवई वर गेली. सव्वीस वर्षं ज्याच्या तोंडात मी शब्द घातले तो माणूस माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"बाई, तुम्ही का हसलात?" ते कुरकुरले. आवाज खरंच तसाच होता.

"का नाही हसणार?" आई अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाली. "मरताना तुम्ही म्हणालात, 'माझ्या हाताच्या बोटांवर कोण उभा आहे त्या गाढवाला आधी खाली उतरवा.'"

साहेब हळूच खुर्चीत बसले, तिच्या शेजारी.

"उभा होता," ते म्हणाले. "दिवेवाला. नख गेलं होतं माझं."

"हो, पुढच्या सिनेमात तुम्ही ते डॉक्टरला सांगितलंत."

मला वाटलं आता ते रागावणार. पण त्यांचा चेहरा असा झाला की मला त्याला आवाज देता आला नसता. "पंचावन्न वर्षं मी बोलतोय," ते म्हणाले. "मला वाटायचं कुणीच ऐकत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला सगळं वाचता येतं? सगळं?"

आईने तिचा मिटल्या ओठांचा नियम सांगितला. तो ऐकून साहेबांचा चेहरा पडला, का ते तेव्हा कळलं नाही. त्यांनी आमचा पत्ता विचारला आणि मफलर वर ओढून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात बसले होते. आमच्याकडे बसायला तीच एक जागा आहे, आणि तिथेही टेबलाचा एक पाय आखूड असल्याने खाली पुठ्ठ्याची घडी आहे. ते आईकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा बोलत होते. बऱ्याच नटांना स्पष्ट बोलायला सांगितलं की ते ओरडतात. हे तसे नव्हते.

"माझा दहावा सिनेमा," ते म्हणाले. "रविवारी शेवटच्या दिवशी लागणारे तो. खलाशी निरोप घेऊन जातो, नायिका बंदरावर उभी राहते. ती नायिका म्हणजे पुढे माझी बायको."

"तो एकच तुमचा मी पाहिला नाही," आई म्हणाली. "लागला तेव्हा ही पोटात होती. डॉक्टरांनी उठायला बंदी केली होती, आणि नंतर तो इथे परत लागलाच नाही. अजून राग आहे मला."

राग कुणावर ते तिने सांगितलं नाही, पण बघितलं माझ्याकडे.

"त्या प्रसंगात मी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा होतो," साहेब म्हणाले. "म्हटलं, पाठ आहे तर विचारून घ्यावं. वाऱ्यासाठी भलामोठा पंखा लावला होता, दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडत होता, आम्हाला रडू यावं म्हणून कोपऱ्यात बँड वाजत होता. त्या गोंधळात मी तिला विचारलं, 'माझ्याशी लग्न करतेस का?' तिने एकच शब्द उच्चारला. मला ऐकू आला नाही. परत विचारायची सोय नव्हती, रीळ फिरत होतं, मला वळून चालायला लागायचं होतं. मी चालत बाहेर आलो आणि रंगभूषेवाल्याला सांगितलं, ती 'बरं' म्हणाली."

"मग?"

"मग संध्याकाळपर्यंत अख्खी कंपनी आमचं अभिनंदन करून गेली. महिन्याभरात लग्न. एकोणपन्नास वर्षं संसार. आणि या एकोणपन्नास वर्षांत दर भांडणाला ती एकच सांगायची. 'मी "मर" म्हटलं होतं. तू "बरं" ऐकलंस. लोक हार घेऊन आले, मग मला भिडेने नाही म्हणवलं नाही.'"

मी फसकन हसले. ते पण हसले, पण ते हसू फार टिकलं नाही.

"ती असताना ती थट्टा होती," ते म्हणाले. "गेल्या वर्षी ती गेली आणि तो प्रश्न झाला. ती काही साधी बाई नव्हती. माझ्यापेक्षा चांगली नटी होती, माझ्या दौऱ्यांपायी निम्मी कामं सोडली तिने. शेवटच्या आठवड्यात मी विचारलं, 'खरं सांग, काय म्हणाली होतीस?' तर म्हणते कशी, 'रिळात आहे ना, बघ जाऊन.' मी तीनदा बघितलं. ओठ मिटतात आणि उघडतात, एवढंच दिसतं. बाई, मला तेवढं सांगा. माणसाने आपल्याला आयुष्य दिलं की भिडेने सोसलं, हे कळायला नको?"

आईने विणकाम सुयांभोवती गुंडाळलं. "ब आणि म," ती म्हणाली. "नेमकं तेच. बघू. 'बरं'च्या शेवटी तोंड जरा उघडं राहतं, 'मर'च्या शेवटी आवरतं. चेहरा पूर्ण दिसला तर कळेल. पण मी खोटं सांगणार नाही हां. बरं वाटावं म्हणून मी कुणाचे ओठ बदलत नाही."

"म्हणून तर आलोय," साहेब म्हणाले.

शनिवारी सकाळी रिकाम्या थिएटरात आम्ही चौघं. वर ऑपरेटर, जो माझ्याही आधीपासून इथे आहे आणि प्रत्येक जुन्या रिळाला स्वतःच्या सासूसारखं वागवतो, म्हणजे आदराने आणि कुरकुरत. मी माझ्या जागी बसले नाही, आईच्या बाजूला बसले. बोलवही सवयीने मांडीवर होतीच.

बंदराचा प्रसंग आला. पन्नास वर्षांपूर्वीची पाठ, त्या पाठीपलीकडे नायिकेचा चेहरा. फार सुंदर असं मी म्हणणार नाही, पण तिच्या डोळ्यांत असं काही होतं की ती आता काहीतरी खोडी काढणार असं वाटावं. पाठीने काहीतरी विचारलं. तिने बघितलं. ओठ मिटले, उघडले, आणि त्याच क्षणी पंख्याच्या वाऱ्याने तिचा रुमाल उडून तोंडावर आला. तिने तो बाजूला केला तेव्हा शब्द संपला होता. पाठ वळली, तरुण साहेब भुवई उचलून कॅमेऱ्याच्या दिशेने चालत आले आणि चौकटीबाहेर गेले.

"झालं," म्हातारे साहेब म्हणाले आणि काठी घेऊन उठले. त्यांना उठलेलं पाहून ऑपरेटरने मानाने यंत्र बंद केलं. दिवे लागले.

आईने मान हलवली. "शेवट रुमालाखाली गेला. दोन्ही असू शकतं. मला माफ करा."

साहेबांनी मान डोलावली. दोन्ही हात काठीवर ठेवून उभे राहिले, आणि मला एकदम त्यांचं वय दिसलं. मला फार वाईट वाटलं. बोल्याची सवय वाईट असते, समोरचं माणूस गप्प झालं की तोंडात शब्द यायला लागतात. माझ्या तोंडात 'बरंच म्हणाल्या असतील' हे वाक्य अगदी तयार होतं. आईने मांडीवर चिमटा काढला असता म्हणून गिळलं. नजर खाली गेली ती बोलवहीवर.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही गेल्यावर पुढे तिचं एक वाक्य आहे."

"कुठे?"

"हे काय. 'खलाशी जातो. नायिका एकटी. ओठ हलतात.' माझ्यासाठी इथे लिहिलंय, 'तू येईपर्यंत मी दार उघडं ठेवीन.' म्हणजे ती तिथे काहीतरी बोलतेय."

साहेबांनी भुवई उचलली नाही. दोन्ही भुवया खालीच राहिल्या. "ते मी बघितलं नाही," ते म्हणाले.

"तीन वेळा बघितलंत म्हणालात ना?" आईने विचारलं.

"माझं काम संपलं की मी उठतो. आम्ही सगळेच उठतो. नट स्वतः पडद्यावरून गेला की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"म्हणजे पन्नास वर्षांत," आई म्हणाली, आणि तिला कळत नसलं तरी तिचा आवाज थिएटरभर घुमला, "तुम्ही गेल्यावर ती काय म्हणते, ते तुम्ही एकदाही थांबून बघितलं नाहीत?"

साहेब पुन्हा खुर्चीत बसले.

वर ऑपरेटर पुटपुटला की रीळ जुनं आहे, जोड सुटला तर त्याला जबाबदार धरायचं नाही, आणि त्याने ते लावलं. पाठ, चेहरा, रुमाल. तरुण साहेब भुवई उचलून चालत गेले. यावेळी कुणी उठलं नाही. चौकटीत ती एकटी राहिली. तिने त्यांच्या दिशेने बघितलं, मग खाली बघितलं, रुमालाचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि स्वतःशीच काहीतरी म्हणाली. लहानसं वाक्य. मग हसू आवरायला गाल आतून चावला, हे मलाही दिसलं.

मी आईकडे बघितलं. आई पडद्याकडेच बघत होती.

"काय?" साहेबांनी विचारलं. मग आठवलं तसं पुढे वाकून, तिच्यासमोर तोंड आणून पुन्हा विचारलं, "काय म्हणाली?"

"ती म्हणाली," आई म्हणाली, "'आता आईला काय सांगू?'"

साहेबांनी काठी शेजारच्या खुर्चीला टेकवली.

"नक्की?" मी विचारलं.

"बोलून बघ," आई म्हणाली. "आता आईला काय सांगू. ओठ एकदा तरी मिटतात का? घोटाळा व्हायला जागाच नाही. आणि 'मर' म्हणणारी बाई घरी आईला काय सांगायचं याची काळजी कशाला करेल?"

मी बोलून बघितलं. नाही मिटत. शेजारी साहेबही ओठ हलवून बघत होते, आवाज न करता. तीन वेळा, चार वेळा. मग त्यांनी मफलर डोळ्यांपर्यंत ओढला आणि खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते ते मी सांगू शकत नाही, आणि ओठ झाकलेले असल्याने आईलाही सांगता आलं नाही.

थोड्या वेळाने मफलरातून आवाज आला. "एकोणपन्नास वर्षं फसवलं मला."

आईला ते दिसलं नाही, मी सांगितलं. "चांगलं केलं," आई म्हणाली.

"मग तिच्या आईला तिने काय सांगितलं असेल?" त्यांनी मफलर खाली करून विचारलं.

"ते या सिनेमात नाही," आई म्हणाली.

रविवारी थिएटर गच्च भरलं. साहेब पहिल्या रांगेत, आईच्या शेजारी, मफलर नाही काही नाही. मी माझ्या मेजापाशी दिवा झाकून बसले. खलाशाला आवाज दिला, दिग्दर्शकाने लिहिलेला निरोप म्हटला, नायिकेच्या त्या एका शब्दाच्या जागी वहीत असलेलं 'जा' म्हटलं. खलाशी भुवई उचलून चौकटीबाहेर गेला. जुन्या प्रेक्षकांना पुढचं वाक्य अजून पाठ आहे, दाराचं. त्यासाठी रुमाल बाहेर आले होते. मी बोलवही मिटली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

"आता आईला काय सांगू?" मी म्हटलं.

क्षणभर थिएटर गोंधळलं. मग मागून एक बाई हसली, मग तिच्या शेजारची, मग सगळेच हसायला लागले, रुमाल हातात धरून. मॅनेजर दारात डोक्याला हात लावून उभा होता. माझं लक्ष पहिल्या रांगेकडे होतं. पडद्याच्या उजेडात साहेब बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते, उठले नव्हते, आणि त्यांचे ओठ हलले. एकच शब्द. मिटले आणि उघडले.

हसण्याच्या गलबल्यात मला काही ऐकू आलं नाही. खेळ संपल्यावर लोकांचा लोंढा ओसरला तसं मी आईला गाठून विचारलं, "काय म्हणाले गं ते? मर की बरं?"

आईने विणकाम पिशवीत भरलं, सुया मोजून बघितल्या.

"शेवटी तोंड उघडं राहिलं होतं," ती म्हणाली.